बसल्या जागी शाबासकी

उपासना संपत आली की आमचे पाळकसाहेब सूचना वाचतात, आणि तोवर निम्मी मंडळी मनाने घरच्या मटणाच्या पातेल्यापाशी पोहोचलेली असते. त्या रविवारची सूचना मात्र माझ्या कानात शिरली. युगांडातल्या एका ख्रिस्ती मंडळीची शाळा आहे. तिथल्या गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आहेत आणि सातवीची मुलं बोर्डाला बसायची आहेत, तिथे सातवीलाच बोर्ड असतं. एका सत्रापुरतं सेवा म्हणून शिकवायला आपल्यातलं कुणी जाईल का? सगळे एकदम छताकडे पाहू लागले. आमच्या ख्रिस्तमंदिराच्या छतात पाहण्यासारखं काही नाही. मी हात वर केला.

घरी आल्यावर माझा मुलगा अभिजित म्हणाला, "आई, तुला कात्रजला जायचं म्हटलं तरी मळमळतं."

पण मला जायचंच होतं, आणि त्याचं कारण माझी सून स्नेहा. मुलगी गुणी आहे, अडचण तीच आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी विळी घेतली की ती म्हणते, "आई, तुम्ही बसा." कणकेला हात लावला की, "आई, बसा हो तुम्ही." अभिजित सकाळी हिंजवडीच्या बसला पळतो, स्नेहा तिच्या ऑफिसला पळते, आणि मी बसते. उभं आयुष्य मुलांना अपूर्णांक शिकवण्यात गेलं, आणि आता मीच घरात उरलेली बाकी झाले होते. आपला कुणाला तरी उपयोग व्हावा, एवढीच माझी भूक होती.

नारायण पेठेत ख्रिस्ती घर आहे म्हटल्यावर लोकांना नवल वाटतं. नवल करण्यासारखं काही नाही. आम्हीही दुपारी दार उघडत नाही. आमच्या समोरच्या इमारतीत, बरोबर आमच्या गॅलरीसमोर, देशपांडे राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि तेव्हापासून ते गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत दिवसभर असतात. देवाने हातपाय नेले आणि जीभ तेवढी ठेवली, याबद्दल आमच्या गल्लीत दोन मतं आहेत. गल्ली इतकी अरुंद आहे की आवाज न चढवता भांडता येतं.

"शालिनीबाई, आफ्रिकेत जाताय म्हणे?"

"हो."

"गणित शिकवायला?"

"हो."

"त्यांनी आपलं काय वाकडं केलंय?"

एवढा आशीर्वाद घेऊन मी निघाले.

फणसाखाली

विमानाचं काही सांगत नाही. त्यात सगळे सारखेच कंटाळतात. कंपालाहून दक्षिणेला गाडी निघाली आणि दोन्ही बाजूंना लाल माती सुरू झाली, आणि केळी. डोंगरउतारावर केळी, घरांमागे केळी, सायकलवर माणूस दिसू नये इतके केळीचे घड. मधूनच फणस, आंबा, पपई. आपलं कोकण कुणीतरी उचलून उंचावर, गार हवेत नेऊन ठेवावं तसं वाटत होतं. फक्त समुद्र नव्हता आणि 'येथे घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी नव्हती.

शाळा एका टेकडीवर होती. मुख्याध्यापिका मॅडम ग्रेस कुठल्याशा सभेला गेल्या होत्या, म्हणून ड्रायव्हरने मला फणसाखालच्या बाकावर बसवलं आणि तो बॅगा ठेवायला गेला. मी पाय पसरून बसले होते. एक शिक्षक हातात खडूचा डबा घेऊन समोरून चालले होते. ते थांबले, किंचित वाकले आणि म्हणाले, "वेल डन, मॅडम."

मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त फणस होता.

पुण्यात पाय पसरून बसलेल्या माणसाला कुणी "वा, छान काम चाललंय" असं म्हटलं, तर त्याचा अर्थ काय होतो हे मला कुणी शिकवायला नको. मी पाय जवळ घेतले. पाठोपाठ स्वयंपाकीणबाई डोक्यावर पातेलं घेऊन गेल्या. "वेल डन, मॅडम." मग एक मुलगी आली, माझ्यासमोर चक्क गुडघे टेकून बसली आणि खाली मान घालून तेच म्हणाली. मला वाटलं प्रार्थना करते आहे, म्हणून मीही डोळे मिटले. बराच वेळ तिने काही म्हटलं नाही, म्हणून मी 'आमेन' म्हटलं. ती उठून पळाली. तिथे मुली मोठ्या माणसांना गुडघे टेकून नमस्कार करतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आल्या आल्या लोक टोमणे मारताहेत, म्हणजे आधीच्या कुणा पाहुण्याने इथे नुसतं बसून दिवस काढले असणार, असा हिशेब मी मनाशी मांडला आणि ताबडतोब उभी राहिले.

शाळेतले दिवस

सकाळी मुलांना मक्याची पातळ लापशी, दुपारी मक्याचाच घट्ट गोळा आणि घेवडा. शिक्षकांना कच्च्या केळ्यांचा मऊ लगदा, केळीच्या पानात बांधून तासन् तास वाफवलेला. त्याला तिथे माटोके म्हणतात. त्यावर शेंगदाण्याची गुलाबीसर आमटी. पहिला घास घेतला आणि मी चमकले. ही तर शेजारच्या काकूंकडची एकादशीची दाण्याची आमटी. माझ्या सात पिढ्यांत कुणी केला नसेल एवढा उपास मला युगांडात घडला. चपातीला तिथेही चपातीच म्हणतात, पण ती बोटभर जाड असते आणि तेलात पोहून आलेली असते. मी एकदा आपल्या पद्धतीचा पातळ फुलका करून दाखवला. सगळ्यांनी तो उजेडासमोर धरून पाहिला. स्वयंपाकीणबाईंनी हळूच विचारलं, "तुमच्याकडे पिठाची टंचाई आहे का?"

मुलं सोन्यासारखी होती. वर्गात गेले की सगळी उभी राहून एका सुरात माझं स्वागत करत, मी बसा म्हटल्याबद्दल माझे आभार मानत, आणि मग बसत. पुण्यात एवढ्या वेळात माझी एक बेरीज तपासून व्हायची. पण उलटून बोलणं नाही, चुळबूळ नाही, आणि अपूर्णांकांची भीती अगदी आपल्या मुलांइतकीच. त्यांच्यापाशी मी सुखात होते.

छळ वर्गाबाहेर होता. मधल्या सुट्टीत चहाचा कप तोंडाला लावला की, "वेल डन, मॅडम." वऱ्हांड्यात डोळे मिटले की, "वेल डन." एकदा सकाळी मी शौचालयातून बाहेर येत होते, तर इतिहासाचे सर समोरून आले आणि अत्यंत आदराने म्हणाले, "वेल डन, मॅडम." यावर पुण्यातला माणूस काय उत्तर देणार?

मी कामाचा सपाटा लावला. सातवीचे जादा तास घेतले. सहावीचेही घेतले. वाचनालयातली पुस्तकं झटकली. मुलींच्या गणवेशांना गुंड्या लावल्या. वह्या उभ्याने तपासू लागले, म्हणजे बसलेली कुणाला दिसायलाच नको. आणि गंमत अशी, की काम करताना पाहिल्यावर ते "वेल डन, वेल डन" असं दोनदा म्हणत. मला वाटायचं, म्हणजे आता कुठे लागलीस होय कामाला.

फोनवर अभिजितला सांगितलं. तो म्हणाला, "आई, तिथे कुणी आपल्या पेठेतलं आहे का ते बघ."

शेवटी मी ठरवलं, टोमण्याला टोमणाच द्यायचा. दुपारची वेळ होती. फाटकावरचे रखवालदार मोझेस खुर्चीत मान टाकून शांत झोपले होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि देशपांड्यांना शोभेल अशा आवाजात म्हणाले, "वा, मोझेस. वेल डन. फारच छान काम चाललंय."

मोझेस जागे झाले. त्यांचा चेहरा उजळला. उठून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "थँक यू, मॅडम. थँक यू सो मच. तुम्हीसुद्धा वेल डन." मग घरी सगळे कसे आहेत, मुलगा कसा आहे, रात्री झोप लागली का, पुण्यात पाऊस आहे का, सगळं विचारून झालं. संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी एक पपई आणून ठेवली.

इतका नीट फेकलेला टोमणा असा पपई होऊन परत येईल, हे माझ्या कल्पनेपलीकडचं होतं. मी हादरले. पुण्याबाहेर मी निःशस्त्र होते.

रविवार आणि खड्डा

तिथली उपासना सकाळी सुरू होते आणि देवाची इच्छा असेल तेव्हा संपते. आमच्याकडे प्रवचन जरा लांबलं की मागच्या बाकांवर खोकला सुरू होतो. तिथे प्रवचन लांबलं की लोक उठून नाचतात. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहून, पुण्याच्या मंडळीकडून सर्वांना सलाम, एवढं बोलून खाली बसले. सगळे पुढचं ऐकायला थांबले. पुढचं नव्हतंच. मग मॅडम ग्रेसनी मला गाणं म्हणायला लावलं, आणि मी भजनाच्या चालीवरचं एक मराठी गीत म्हटलं. दुसऱ्या ओळीपासून अख्ख्या मंदिराने खालचे-वरचे सूर धरले. शब्द एकालाही येत नव्हते. तिसऱ्या कडव्याला मी नुसतेच ओठ हलवले आणि त्यांचे सूर ऐकत राहिले. बसताना कुणीतरी म्हणालंच, "वेल डन, मॅडम." तेवढ्या एका वेळी मात्र मला ते गोड लागलं.

परत येताना मोटरसायकलच्या टॅक्सीवर बसले. तिथे तिला बोडा म्हणतात. लाल धूळ उडत होती, म्हणून आमच्या पुण्याच्या मुली स्कूटरवर बांधतात तशी मी ओढणी तोंडाभोवती गुंडाळली, फक्त डोळे उघडे. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि तो दचकला. त्याने पुन्हा एकदा पाहिलं, आणि त्या दुसऱ्या पाहण्यात खड्डा चुकवायचा राहिला.

मी धुळीत बसले. पाय मुरगळला. जमलेला प्रत्येक माणूस "सॉरी, मॅडम, सॉरी" म्हणत होता. ज्यांनी मला पाडलं नव्हतं तेही, नुकतीच जागी झालेली एक आजीबाईही. आमच्याकडे असं कुणी पडलं तर पहिला प्रश्न येतो, दिसत नाही का? मी त्यांच्या सॉरीनेच अर्धी बरी झाले, पण घोटा दुधी भोपळ्याएवढा सुजला.

दोन दिवस मी खोलीत पाय उशीवर ठेवून पडून होते. सातवीचा तास बुडत होता. परीक्षा तोंडावर आली होती, आणि मी इथेही पुन्हा बसलेली, नव्हे, आडवी. दुसऱ्या दिवशी मॅडम ग्रेस चहा घेऊन आल्या. उंच बाई, आवाज घंटेसारखा. दारात उभ्या राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वेल डन, मॅडम शालिनी."

मला रडूच कोसळलं.

"मी घरी जाते," मी म्हणाले. "माझं तिकीट बदलून द्या. पडलेल्या बाईलाही तुम्ही असं बोलता. मी काही फुकट बसून खात नव्हते इथे."

मॅडम ग्रेसनी चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, आमचं काही चुकलं का?"

मी सगळं सांगितलं. बाक, चहा, वऱ्हांडा, शौचालय. त्यांना हसावं की सॉरी म्हणावं ते कळेना. त्यांनी आधी सॉरी म्हटलं आणि मग त्या हसल्या. मग म्हणाल्या, "चालता येतं का? जवळच आहे. टेका माझ्यावर."

केळीमागचं घर

शाळेमागे केळीच्या बागेत त्यांचं घर होतं. आतल्या खोलीत त्यांची आई पलंगावर होती. सगळे तिला जाजा म्हणत, म्हणजे आजी. कितीतरी वर्षं झाली होती, पाय चालत नव्हते, दृष्टी गेली होती, कूस बदलायलाही कुणीतरी लागायचं. सबंध शाळा जिला घाबरते त्या मॅडम ग्रेस पलंगाशी गुडघ्यांवर बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "जेबालेको, मामा."

"जेबालेको, जेबालेको," म्हातारी पुटपुटली आणि तिने उत्तरादाखल लांबलचक हुंकार दिले.

"हेच ते," मॅडम ग्रेस माझ्याकडे वळून म्हणाल्या. "आमच्या भाषेत भेटल्यावर हेच म्हणतात. केलेल्या कामाबद्दल शाबास. तुमच्याशी बोलताना आम्ही ते इंग्रजीत म्हणतो, एवढंच."

गणिताच्या बाईला उदाहरण तपासल्याशिवाय चैन पडत नाही. मी विचारलं, "पण या काय काम करतात?"

मॅडम ग्रेसनी ते आईला सांगितलं. म्हातारी हसली. तोंडात दात नव्हता. ती काहीतरी बोलली आणि मॅडम ग्रेसनी मला सांगितलं, "आई म्हणते, मी आज सकाळी उठले की. माझ्या वयाची होईल तेव्हा तिला कळेल, ते किती काम आहे."

मग म्हातारीने हवेत हात चाचपला. मी माझा हात दिला. तो तिने उलटसुलट केला, बोटांना खडूने पडलेल्या चिरांवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाली, "जेबालेको."

दोन वर्षांत "तुम्ही बसा" म्हणणारे पुष्कळ भेटले होते. बसलेली असताना मला शाबास म्हणणारी माणसं या टेकडीवर पहिल्या दिवसापासून भेटत होती, आणि मी त्यांच्याशी मनात भांडत होते. मला माझीच लाज वाटली, आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आलं की डोळ्यांतून पाणीच येतं. म्हातारीला ते दिसलं नाही, हे बरं झालं.

तिकीट बदललं नाही. परीक्षेपर्यंत मी सातवीला खुर्चीत बसून शिकवलं, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून, आणि जो कुणी दारावरून "वेल डन" म्हणून गेला त्याला "तुम्हालाही वेल डन" म्हटलं. मी परतल्यावर काही आठवड्यांनी निकाल लागला. एक सोडून सगळी पास झाली. त्या एकीनेच मला सगळ्यांच्या आधी कळवलं. शेवटी लिहिलं होतं, "वेल डन, मॅडम." त्यावरही मला राग आला नाही.

परत नारायण पेठ

मुंबईहून बसने स्वारगेटला उतरले. दोन बॅगा, एक केळीच्या सोपटाची चटई, आणि रिक्षावाला म्हणाला, "नारायण पेठ? नाही जमणार."

तोंडात बसलेली सवय. मी मनापासून म्हणाले, "बरं. छान काम करताय."

त्याने माझ्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं. "टोमणे नका मारू, काकू. बसा." आणि त्याने मीटर टाकला.

घरी स्नेहाने बॅगा उचलल्या. "आई, तुम्ही बसा." मी बसले. आणि म्हणाले, "स्नेहा, दिवसभर ऑफिस करून आलीस, शाबास गं." तिने बॅग खाली ठेवली, अभिजितकडे पाहिलं आणि त्याला हळूच विचारलं, "माझं काय चुकलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत चहा घेऊन आले. समोर देशपांडे वेताच्या खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर, कुणीतरी ठेवून दिल्यासारखा.

"आलात?" ते म्हणाले. "गणित आलं का त्यांना, की तुम्हीच विसरून आलात?"

"देशपांडे," मी म्हणाले, "छान काम चाललंय तुमचं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खाली गल्लीत एक टेम्पो अडकला होता आणि हॉर्न वाजवत होता.

"टोमणा आहे?"

"नाही."

"मग?"

मी त्यांना जाजाचं सांगितलं. थोडक्यात. तिने सकाळी उठण्याला काम म्हटलं होतं ते, आणि सगळं गाव तिला त्याबद्दल शाबास म्हणतं ते. देशपांडे टेम्पोकडे बघत राहिले.

"पलंगापासून या खुर्चीपर्यंत यायला मला तास लागतो," ते म्हणाले. "हिचा हात धरूनसुद्धा." मग म्हणाले, "जा आत. चहा निवला तुमचा."

मी वळले.

"शालिनीबाई."

"काय?"

"उद्या साधारण याच वेळेला मी इथे असेन."